प्रकल्प नोंदी : ‘मोनिका नो कास्तेलो दो द्रागांव’ची कॅसेट

६ जुलै २०२४

ब्राझीलच्या टेकटॉय कंपनीने १९९१ साली सेगा मास्टर सिस्टिम या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलसाठी काढलेल्या ‘मोनिका नो कास्तेलो दो द्रागांव’, म्हणजे ‘ड्रॅगनच्या गढीत मोनिका’, या खेळाची एक मूळ कॅसेट, तिची पुस्तिका आणि टेकटॉयचाच एक कन्सोल असा ऐवज आज माझ्या टेबलावर आला. साओ पाउलोत काही वर्षे नोकरी करून पुण्याला परतलेल्या मित्राने तो विश्वासाने दिला असून दिवाळीपूर्वी परत करायचा आहे. हा खेळ ब्राझीलबाहेर अधिकृतपणे विकलाच गेला नाही, त्यामुळे मूळ कॅसेट आपल्याकडे हाताळायला मिळण्याचा योग क्वचितच येतो. तेवढ्या अवधीत तिची बाह्य स्थिती, आतील विदा (डेटा), पुस्तिकेचे स्कॅन आणि पडद्यावरील मजकुराचा मराठी तर्जुमा अशी संपूर्ण नोंद करायची आहे.

यात माझे खरे कुतूहल वेगळेच आहे. या खेळाचा सांगाडा ब्राझीलचा नाही. जपानच्या वेस्टोन या छोट्या स्टुडिओने रचलेला आणि सेगाने १९८७ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, आणलेला ‘वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड’ पुढच्या वर्षी मास्टर सिस्टिमवर आला. टेकटॉयने परवान्यानिशी तोच खेळ घेतला, त्यातील नायक काढून त्याच्या जागी ब्राझीलच्या घराघरांत ठाऊक असलेली कॉमिकमधली मोनिका बसवली आणि मजकूर पोर्तुगीजमध्ये लिहिला. मग प्रश्न असा, की चित्रे बदलली आणि नियम तेच राहिले, तर खेळ बदलतो का, आणि बदलत असेल तर नेमका कुठे? दोन्ही खेळ शेजारी शेजारी ठेवून ते पाहायचे आहे.

१३ जुलै

कॅसेटची पाहणी झाली. लेबल शाबूत आहे, एका कोपऱ्यावर कागद थोडा उचलला आहे. तो चिकटवण्याचा मोह टाळला, कारण पुढे कोणाला लेबल तपासायचे झाल्यास माझा डिंक आडवा यायला नको. कडेच्या जोडणीवरचे पन्नासही संपर्क काळवंडलेले होते, मात्र हिरवा गंज कुठेही नव्हता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानाचा बड बुडवून ते पुसले, आणि बड स्वच्छ निघू लागल्यावर थांबलो. आपल्याकडे खोडरबराने संपर्क घासण्याची जुनी सवय आहे. नव्वदच्या दशकात शेकडो खेळांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॅसेटी आम्ही सगळ्यांनी तशाच ‘दुरुस्त’ केल्या. त्या घासण्यात वरचा पातळ मुलामा निघून जातो, म्हणून इथे ते केले नाही.

कॅसेटचे खोके उघडायचे नाही, असेही ठरवले. ज्या खेळांत प्रगती साठवण्यासाठी बॅटरी असते, त्या जुन्या झाल्यावर आत गळू शकतात, आणि तेव्हा उघडणे भागच असते. या खेळात प्रगती साठवण्याची सोय नाही, म्हणून बॅटरीही नाही. आत पाहण्याच्या हौसेपायी प्लास्टिकच्या खाचांवर जोर देण्याचे कारण उरत नाही.

२१ जुलै

कन्सोल चालू करून पाहिला. साओ पाउलोत घरगुती वीज १२७ व्होल्टची असते. मित्राने आणलेला अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर लावला असता तर तो लगेच जळला असता, म्हणून तो पिशवीतच ठेवला. इथल्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरच्या पिनेची धन-ऋण बाजू मल्टिमीटरने तपासून मगच जोडला.

दूरदर्शन संच म्हणून काकांकडचा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणला होता. चॅनेल हाताने जुळवल्यावर चित्र आले, स्थिरही झाले, परंतु कृष्णधवल, आणि आवाज अजिबात नाही. यात बिघाड काहीच नव्हता. ब्राझीलमध्ये पॅल-एम नावाची स्वतःची रंगपद्धती होती. तिथे अमेरिकेप्रमाणे ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रे, म्हणजे पडद्यावर उमटणारी अर्धी चित्रे, पण रंगाचे संकेतन मात्र पॅल या युरोपीय पद्धतीचे. आपल्याकडे ६२५ रेषा आणि ५० क्षेत्रांची पॅल-बी. रंगवाहक लहर तिथे सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झवर, तर इथे ४.४३ वर असते, म्हणून आपल्या संचाला रंग सापडत नाही. आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून तिथे साडेचार मेगाहर्ट्झ अंतरावर असते आणि इथे साडेपाच, म्हणून आवाजही सापडत नाही. ब्राझीलचा अस्सल कन्सोल आणि मुंबई-पुण्याचा अस्सल टीव्ही एकमेकांशी बोलू शकत नाहीत, हे कागदावर ठाऊक होते. तरी लाल फ्रॉकवाली मोनिका राखाडी रंगात, मुक्याने उड्या मारताना पाहणे मजेशीर वाटले. इतके जुळून आले तेही काही कमी नाही.

कन्सोल चालतो एवढी खात्री पुरेशी आहे. पुढचे काम संगणकावर करायचे, आणि पडताळणीसाठी माझ्याकडचा युरोपीय मास्टर सिस्टिम वापरायचा.

४ ऑगस्ट

आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डवर आधारलेल्या कार्ट्रिज रीडरने कॅसेट वाचली. मास्टर सिस्टिमचा झेड-८० प्रोसेसर एका वेळी ६४ किलोबाइटच पाहू शकतो, आणि त्यातही कॅसेटच्या वाट्याला ४८ येतात. त्यामुळे मोठी कॅसेट १६ किलोबाइटच्या तुकड्यांत विभागलेली असते आणि कोणता तुकडा कोणत्या खिडकीत दिसावा, हे पत्त्यांच्या अगदी टोकाशी असलेल्या नोंदींत लिहून ठरवावे लागते. रीडर तेच करतो. तो खिडकीत एकेक तुकडा आणून उतरवून घेतो. वेगवेगळ्या दिवशी वाचलेल्या फाइली बाइट-बाइट जुळल्या, आणि जतनकर्त्यांच्या सार्वजनिक यादीतील सीआरसी या तपासणी-आकड्याशीही जुळल्या.

पहिल्या ३२ किलोबाइटच्या सीमेआधी सोळा बाइटांवर सेगाची ओळखखूण असते, ‘टीएमआर सेगा’. जपानबाहेरचे कन्सोल चालू होताना ती शोधतात आणि न सापडल्यास खेळ सुरूच होऊ देत नाहीत. ती इथे जागेवर आहे. हा परवान्याचा खेळ होता, त्यामुळे ती असणे अपेक्षितच. त्या काळी आपल्याकडच्या बाजारात ज्या ‘बदललेल्या’ कॅसेटी फिरत, त्यांत मारिओच्या डोक्यावर वेगळी टोपी घालून नवा खेळ म्हणून विकणे चाले, आणि त्यांना कोणाचाही परवाना नसे. मोनिकाची कॅसेट वरवर त्याच जातीची वाटते, पण जात वेगळी आहे.

फाइल माझ्याकडेच राहील. ती कोणाला पाठवायची नाही, हे मित्राशी बोलून ठरले आहे.

१० ऑगस्ट

पार्श्वभूमीची टाचणे आज नीट लिहून काढली, कारण त्यांशिवाय पुढची तुलना अधांतरी राहील.

मौरिसियो दे सोउझा हे ब्राझीलचे चित्रकार. त्यांच्या पट्ट्यांतून १९५९ साली बिदू हा निळा कुत्रा आला, त्यानंतर सेबोलिन्या हा मोजक्या केसांचा मुलगा आला, आणि ३ मार्च १९६३ रोजी ‘फोल्या’ या साओ पाउलोच्या दैनिकातील सेबोलिन्याच्या पट्टीत मोनिका पहिल्यांदा दिसली. तिचे नाव आणि स्वभाव चित्रकाराच्या स्वतःच्या मुलीवरून घेतलेले आहेत. पुढचे दात मोठे, अंगावर लाल फ्रॉक, हातात सांसांव नावाचा कापडी निळा ससा आणि अंगात अचाट ताकद. सेबोलिन्या आणि पाण्याला भिणारा कास्कांव हे दोघे तो ससा पळवण्याचे बेत आखतात आणि शेवटी त्याच सशाचा मार खातात. या एवढ्या बीजावर दशके चाललेली कॉमिक उभी आहे. १९७० साली मोनिकाच्या नावाने मासिक निघू लागले आणि पात्र पट्टीबाहेर पडून घरोघरी गेले.

टेकटॉय १९८७ साली स्थापन झाली. परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर तेव्हा ब्राझीलमध्ये कडक बंधने आणि जबर कर होते. त्यामुळे सेगाचा माल थेट आणून विकण्यापेक्षा परवाना घेऊन मानाउसच्या मुक्त व्यापार क्षेत्रात तो जुळवणे परवडत असे. १९८९ मध्ये टेकटॉयने मास्टर सिस्टिम बाजारात आणला. निन्टेन्डोची अधिकृत व्यवस्था तिथे १९९३ साली आली, तोवर सेगाने घराघरांत बस्तान बसवलेले होते. आपल्याकडेही करांचे असेच ओझे होते आणि १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीच्या हातून सेगाचा माल भारतात आला, मात्र आपल्या मुलांच्या ओळखीचे पात्र घेऊन खेळ काढण्यापर्यंत मजल इथे गेली नाही. टेकटॉयची ती मजल गेली, याचे कारण तिने स्थानिकीकरण हा जोडधंदा न मानता मुख्य काम मानले.

मूळ खेळ वेशांतराला सोयीचा का होता, तेही पाहण्यासारखे आहे. ‘वंडर बॉय’ या नावावर हक्क सेगाचा, तर खेळाच्या रचनेवर वेस्टोनचा. त्यामुळे इतर कन्सोलांवर जाताना या मालिकेला नाव आणि पात्रे बदलावीच लागत. १९८७ सालीच हडसन कंपनीने पीसी इंजिन या कन्सोलवर ‘बिक्कुरिमान वर्ल्ड’ काढला, तो म्हणजे हाच ‘मॉन्स्टर लँड’, चॉकलेटच्या वेफरबरोबर मिळणाऱ्या स्टिकरांवरील पात्रे घालून. म्हणजे मोनिकाच्या चार वर्षे आधी या सांगाड्याने एकदा कपडे बदललेले होते.

२५ ऑगस्ट

आज बहुतेक दिवस तुलनेत गेला आणि या प्रकल्पातला सर्वांत भरीव भाग हाच आहे.

कॅसेटमधील चित्रविदा थेट चाळत बसण्यापेक्षा एमुलेटरमध्ये, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोन्ही खेळ एकाच प्रसंगावर थांबवून चित्रचिपच्या १६ किलोबाइट स्मृतीत त्या क्षणी काय भरले आहे, ते शेजारी शेजारी मांडले. तिथे सगळी चित्रे ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरशांत असतात. एका फरशीला ३२ बाइट, प्रत्येक ओळीला चार, आणि चार बाइटांतला एकेक बिट मिळून एका ठिपक्याचा रंगक्रमांक ठरतो. पात्रांसाठी सोळा रंगांचा एकच संच असतो, त्यातला पहिला पारदर्शक, म्हणजे हाती पंधरा. मोनिका, समोरचा साप, उडणारे नाणे, सगळ्यांना त्याच पंधरांत भागवायचे. एक रंग बदलला, की तो वापरणारे प्रत्येक चित्र बदलते. शिवाय लाल, हिरवा आणि निळा यांच्या चार-चारच पायऱ्या असल्याने एकूण ६४ रंगांतूनच निवड करावी लागते. मोनिकाच्या फ्रॉकचा लाल या यंत्रात सहज मिळतो, ही चित्रकाराच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. कॉमिकमधले तिचे जाड काळे रेखाटनही इतक्या कमी ठिपक्यांत तग धरते. बारीक छायाप्रकाशावर उभे असलेले एखादे पात्र इथे ओळखू आले नसते.

यानंतर शस्त्र. मूळ खेळातला नायक तलवार चालवतो आणि त्या तलवारीचा पल्ला फारच तोकडा आहे, ही त्या खेळाविषयीची जुनी तक्रार. शत्रूच्या अगदी अंगावर गेल्याशिवाय वार लागत नाही, आणि अंगावर गेले की बहुधा आपणच मार खातो. मोनिका तलवारीऐवजी ससा फिरवते. पहिल्याच मैदानातल्या सापासमोर दोन्ही नायकांना ठिपका-ठिपका पुढे सरकवत वार करून पाहिले, तर वार लागू होण्याची जागा दोन्हीकडे एकच. असणारच, कारण टक्कर मोजणारा भाग चित्रात नसून प्रोग्राममध्ये असतो, आणि प्रोग्रामच्या त्या भागाला कोणी हात लावलेला नाही.

खेळताना मात्र दोन्ही गोष्टी सारख्या वाटत नाहीत. तलवार म्हटल्यावर डोळा लांब पात्याची अपेक्षा करतो आणि हात फसतो. ससा म्हटल्यावर तो कानाला धरून गरागरा फिरवायचा आणि जवळ आलेल्याला हाणायचा, हे कॉमिक वाचलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. जो पल्ला तलवारीला अपुरा, तोच सशाला नेमका. नियमाचा एकही आकडा न बदलता मूळ खेळातला एक खटका या वेशांतरात नाहीसा झाला आहे. हे जाणून केले की आपसूक झाले, त्याने निकालात फरक पडत नाही. पात्राची निवड मात्र अचूक होती. टेकटॉयने याच पद्धतीने इतर सेगा खेळांवरही ब्राझीलमध्ये लोकप्रिय पात्रे चढवली, ‘घोस्ट हाउस’वर दूरचित्रवाणीतला शापोलिन हा त्यांपैकीच एक. पण पात्राचा स्वभाव आणि खेळाची मुख्य क्रिया एकमेकांवर इतकी चपखल बसलेली मला दुसरीकडे दिसली नाही.

सगळेच काही इतके बसत नाही. नाणी गोळा करून दुकानातून बूट आणि ढाल विकत घ्यायची, हवेत दडलेली नाणी उड्या मारून शोधायची, वाळूचे घड्याळ रिते झाले की जीव कमी व्हायचा, हे सगळे मूळचे जसेच्या तसे आहे, आणि त्यातले बरेचसे मोनिकाच्या जगाशी नाते नसलेले. गल्लीत खेळणारी मुलगी ढाल कशासाठी घेते, हा प्रश्न खेळ विचारत नाही. संगीतही मूळचेच. पंधरा मिनिटांनंतर आपण जपानी परीकथेत फिरतो आहोत आणि फक्त नायिका ब्राझीलची आहे, याची जाणीव होऊ लागते. टेकटॉयने दोन वर्षांनी ‘वंडर बॉय’ मालिकेतल्याच ‘ड्रॅगन्स ट्रॅप’वर असेच मोनिकाचे रूप चढवले. त्या खेळात नायक शापाने वेगवेगळे प्राणी होतो, आणि तिथे प्राण्यांच्या जागी मोनिकाचे सवंगडीच खेळायला मिळतात. कॉमिकची अख्खी टोळी मावेल अशी जागा त्या सांगाड्यात आधीपासूनच होती, म्हणून तिथे ही परकेपणाची जाणीव पुष्कळ कमी व्हावी.

९ सप्टेंबर, म्हापसा

मित्राच्या घरच्या चवथीला आलो आहे. त्याच्या आजोबांचे शिक्षण पणजीच्या लिसेव या माध्यमिक शाळेत पोर्तुगीजमधून झालेले असल्याने पडद्यावरील मजकुराचे छापील कागद आणि पुस्तिकेचे स्कॅन सोबत आणले होते. दुपारची जेवणे उरकल्यावर आजोबा चष्मा लावून बसले. वाक्ये सोपी आहेत, ब्राझीलची बोली आहे, तरी काही अडणार नाही, असे त्यांनी पहिल्याच पानावर सांगितले आणि पुढे बहुतेक वाचतच गेले. मी फक्त लिहून घेत होतो.

खलनायक कापितांव फेयो, म्हणजे कुरूप कप्तान. कॉमिकमध्ये हा गटारांतून राहणारा, जगभर घाण पसरवू पाहणारा इसम आहे. आजोबांना त्याच्यापेक्षा नायिकेचेच आश्चर्य अधिक वाटले.

“अरे, ही पोर तलवार सोडून ससा कशाला घेते हातात?”

“आजोबा, ती पहिल्यापासून सशानेच मारते. तिची कॉमिक तुमच्याकडे यायची नाही का?”

“कुठली! आमच्याकडे पुस्तके यायची ती लिस्बनहून.”

हिशेब बरोबर आहे. मोनिका १९६३ च्या मार्चमध्ये छापली गेली, म्हणजे गोवा मुक्त होऊन सव्वा वर्ष उलटल्यावर. पोर्तुगीज वाचणारी गोव्यातली शेवटची शाळकरी पिढी तिला भेटलीच नाही. साठ वर्षांनी का होईना, ती भेट जेवणाच्या टेबलावर घडली, आणि आजोबांनी पुस्तिकेतले सगळे चित्रांखालचे मजकूरही स्वतःहून वाचून दाखवले, मी मागितले नव्हते तेसुद्धा.

तर्जुमा करताना एक धोरण ठरले. पात्रांची नावे बदलायची नाहीत, आणि दुकानदारांची बोलणी मराठीत साधी, आज्ञार्थी ठेवायची, कारण मूळ संवादखिडकीत ओळीला मोजकीच अक्षरे मावतात आणि पोर्तुगीज मजकूरही त्याच काटकसरीने लिहिलेला आहे.

१५ सप्टेंबर

युरोपीय कन्सोलवर पडताळणी झाली. ब्राझील आणि युरोपच्या कॅसेटींचा आकार आणि जोडणी एकच असल्याने खेळ लगेच सुरू झाला, रंगीत आणि आवाजासह. पण तो संथ चालतो. हा खेळ काळ मोजतो तो पडद्याच्या क्षेत्रांवरून, आणि ती इथे सेकंदाला ६० ऐवजी ५० आहेत. ब्राझीलमध्ये तीन मिनिटांत संपणारी चाल इथे तीन मिनिटे छत्तीस सेकंद घेते. वाळूचे घड्याळही त्याच प्रमाणात सावकाश रिते होते, त्यामुळे अडचणीत भर पडत नाही, पण उडीचा जोम जातो. युरोपातील मुलांनी ‘मॉन्स्टर लँड’ याच वेगाने खेळला, आणि ब्राझीलच्या मुलांनी मोनिका मूळ जपानी वेगाने खेळली, हे पॅल-एममुळे त्यांच्या पदरात पडलेले सुख. म्हणून चित्रीकरणासाठी या कन्सोलच्या चित्रचिपला ६० वर नेणारा स्विच बसवून घेतला आणि त्याच वेगाचे चित्रीकरण कायम ठेवले.

६ ऑक्टोबर

पुस्तिकेच्या टाचण्या गंजून कागदावर तपकिरी डाग उमटू लागले होते. मित्राची परवानगी घेऊन त्या काढल्या आणि पाने आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सुटी ठेवली. सहाशे डीपीआयचे स्कॅन, कॅसेटची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, कन्सोलवरील चित्रीकरण, फरशांची तुलनापत्रके आणि मराठी तर्जुमा हे सर्व एका फोल्डरमध्ये लावून त्याची प्रत मित्राला दिली. म्हापशाला पाठवायची छापील प्रत मोठ्या अक्षरांत काढली आहे, आजोबांनी तशी सूचना केली होती.

कॅसेट, पुस्तिका आणि कन्सोल सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात भरून परत केले. टीव्ही काकांकडे पोचवायचा राहिला आहे.